पेट्रोलचा वास येतोय? जुन्या गाडीची गळती नेमकी कुठली आणि बदलायचं काय

माझी शंभर सीसीची मोटरसायकल २००३ सालची आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये, ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाड्या बिघडतात का, यावरून घरोघरचे व्हॉट्सअॅप ग्रुप पेटलेले असताना, तिच्याखाली रोज सकाळी रुपयाएवढा ओला डाग दिसायला लागला. वास पेट्रोलचाच. पार्किंगमध्ये जमलेल्या चौघांनी चार निदानं केली. पहिले म्हणाले, इथेनॉलने पाइप खाल्ला. दुसरे म्हणाले, कॉक गेलाय. तिसरे म्हणाले, कार्बोरेटर ओव्हर होतोय. चौथे म्हणाले, आता विकून टाका. पुढच्या दोन आठवड्यांत पहिल्या तिघांचंही थोडंथोडं खरं ठरलं. गाडी अजून माझ्याकडेच आहे.

पेट्रोल गळतं तेव्हा बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. थेंब जिथून पडतो तिथलाच भाग बिघडलाय असं धरून चालतात. स्लॅबमधलं पाणी जिथे झिरपतं त्याच्या बरोबर वरच फुटलेली पाइपलाइन असते असं नाही, तसंच हे. म्हणून आधी पेट्रोलचा रस्ता समजून घेऊ.

टाकीपासून इंजिनपर्यंत

जुन्या मोटरसायकलमध्ये पंप नसतो. टाकी वर, इंजिन खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. टाकीच्या बुडाशी पेट्रोल कॉक, म्हणजे नळच. कॉकच्या आत टाकीत उभी राहणारी एक छोटी नळी असते. पेट्रोल त्या नळीच्या टोकाखाली गेलं की गाडी आचके द्यायला लागते आणि आपण कॉक रिझर्व्हला फिरवतो. रिझर्व्हसाठी वेगळी टाकी नसते, फक्त खालचं भोक उघडतं. (हे मला पंधरा वर्षं गाडी चालवल्यावर कळलं.)

कॉकपासून बोटाएवढ्या जाडीचा रबरी पाइप निघतो, मध्ये कधी प्लॅस्टिकचा छोटा फिल्टर असतो, आणि पाइप कार्बोरेटरला जाऊन मिळतो. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळणारं यंत्र. त्याच्या तळाशी एक वाटी असते आणि तिच्यात पेट्रोलची पातळी कायम ठराविक राहावी लागते.

ती कशी राहते? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी चढतं तसा चेंडू वर येतो आणि नळ बंद करतो. कार्बोरेटरच्या वाटीतही तसाच एक तरंगणारा फ्लोट असतो, आणि तो एक टोकदार निडल वर ढकलून पेट्रोलचं भोक बंद करतो. बॉलकॉकच्या वायसरमध्ये कचरा अडकला की गच्चीवरून पाणी वाहू लागतं. निडलच्या टोकाशी कचरा अडकला की कार्बोरेटर ‘ओव्हर’ होतो. जास्तीचं पेट्रोल वाटीखालच्या बारीक नळीतून जमिनीवर पडतं. ही नळी मुद्दाम ठेवलेली असते, पेट्रोल इंजिनवर सांडण्यापेक्षा खाली गेलेलं बरं म्हणून.

एवढ्याशा रस्त्यात रबराचे तुकडे मात्र बरेच आहेत: कॉक टाकीला जोडतो तिथली ओ-रिंग, कॉकच्या आतलं चार भोकांचं पॅकिंग, पाइप, निडलचं रबरी टोक, वाटीचं गॅस्केट. जुन्या गाडीची गळती म्हणजे बहुतेकदा यांच्यापैकी कुणाची तरी तक्रार असते.

रबर का हरतं?

पेट्रोलच्या पाइपचं रबर साधं नसतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा पेट्रोलमध्ये टाकून ठेवला तर तो फुगून लिबलिबीत होतो. म्हणून इथे नायट्राइल नावाचं कृत्रिम रबर वापरतात, ज्याला पेट्रोल सहज बाधत नाही. पण ते लवचिक राहावं म्हणून कारखान्यात त्यात तेलकट पदार्थ मिसळलेले असतात. वर्षानुवर्षं पेट्रोल ते हळूहळू धुऊन नेतं, आणि बाहेरून इंजिनची धग आणि ऊन त्याला वाळवत असतं. कुकरची रिंग जशी दोनेक वर्षांत कडक होते आणि शिट्टीऐवजी कडेने वाफ सोडते, तसंच.

यात एक गोम आहे. पेट्रोलमध्ये भिजलेलं रबर थोडं फुगलेलं असतं, आणि त्या फुगण्यामुळेच म्हातारा जोड घट्ट बसून राहतो. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली, कॉक बंद, पाइप आतून कोरडा, की रबर आक्रसतं आणि बारीक भेगा पडतात. मग गावाहून परत आल्यावर कॉक उघडला की गळती सुरू. माणसं म्हणतात, ‘उभ्या गाडीला काय झालं?’ उभी राहिली म्हणूनच झालं. घरच्या गाडीला सीएनजी किट बसवलं असेल आणि पेट्रोलवर ती सकाळी अर्धा मिनिटच चालत असेल, तर तिच्या पेट्रोलच्या पाइपांकडेही या नजरेने एकदा बघा.

मग हा सगळा इथेनॉलचाच प्रताप का?

काही अंशी. ई-२० म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल. आपल्याकडे हे इथेनॉल ऊस आणि धान्यापासून येतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल आज अचानक आलेलं नाही. २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला होता, पण २०१४च्या सुमारास देशभराची सरासरी दीड टक्क्याच्या आसपासच रेंगाळत होती. २०२२ साली ती १० टक्क्यांवर गेली, फेब्रुवारी २०२३मध्ये ई-२० बाजारात आलं आणि २०२५मध्ये ते सगळीकडे पोहोचलं. म्हणजे खरा बदल शेवटच्या चार-पाच वर्षांतला आहे, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्याच्या कितीतरी आधीचं.

इथेनॉल रबराला दोन वाटांनी गाठतं. नायट्राइल पेट्रोलला दूर ठेवतं, पण इथेनॉल त्याच्या अंगात शिरतं, आणि दोन्ही मिसळलेले असले की रबर एकट्या पेट्रोलपेक्षाही आणि एकट्या इथेनॉलपेक्षाही जास्त फुगतं. भिजवलेल्या चण्याचं होतं ते बघा. निडलचं टोक किंवा ओ-रिंग अशी फुगली की आपल्या जागेत बसत नाही. दुसरी वाट पाण्याची. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलसर होतं, तसं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ही ओल प्रमाणाबाहेर वाढली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि टाकीच्या तळाशी बसतो. तिथे पत्र्याला गंज धरतो आणि कार्बोरेटरच्या धातूवर पांढरी पूड जमते. गंजाचा एक कण निडलखाली अडकला की झालाच कार्बोरेटर ओव्हर.

ऑगस्ट २०२५मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने जे स्पष्टीकरण दिलं, त्यात काही जुन्या वाहनांत २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात असं म्हटलं होतं, आणि ते काम स्वस्त व सोपं असल्याचंही. स्वस्त आहे हे मला मान्य. सोपं आहे की नाही, ते कोण करतंय यावर अवलंबून.

पण सगळं खापर इथेनॉलवर फोडू नका. पंधरा-वीस वर्षांचा पाइप शुद्ध पेट्रोलवरही गेलाच असता. इथेनॉलने तारीख अलीकडे आणली, एवढंच.

‘थेंब थेंब तर गळतंय, त्यात काय?’

हिशोब करून बघू. पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो. एका मिलिलिटरमध्ये साधारण पन्नास थेंब बसतात. दर पाच सेकंदांना एक थेंब पडला तर दिवसाला सतरा हजारांवर थेंब होतात, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे मिलिलिटर. महिन्याला दहा लिटर. आपल्याकडच्या भावाने हजार रुपयांच्या वर. मायलेज पडलं म्हणून इथेनॉलला शिव्या देण्याआधी गाडीखाली वाकून बघावं ते यासाठी.

पैशांपेक्षा मोठा प्रश्न वाफेचा. पेट्रोल शून्याखाली चाळीसेक अंशांवरही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. पुण्या-नागपुरात तर वाफ कायमच असते. ही वाफ हवेपेक्षा जड. गॅस सिलिंडर गळला तर गॅस जमिनीलगत साचतो हे आपल्याला ठाऊक आहे, तसंच हे. हवेत दीड टक्क्याच्या जवळपास वाफ मिसळली की ठिणगीला तेवढं पुरतं. चहाचा एक कप, म्हणजे दीडशे मिलिलिटर पेट्रोल पूर्ण उडून गेलं, तर जवळजवळ दोन हजार लिटर हवा पेट घेण्याजोगी होऊ शकते. गच्चीवरची एक मोठी टाकी भरेल एवढी हवा. उघड्या अंगणात वारा ती उडवून लावतो. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये, किंवा जिन्याखाली मीटरच्या पेटीशेजारी लावलेल्या स्कूटरच्या बाबतीत ती तिथेच बसून राहते.

आणखी एक नुकसान दिसत नाही. ओव्हर झालेलं पेट्रोल नेहमी खालीच पडतं असं नाही. ते इंजिनातून उतरून ऑइलमध्येही मिसळतं. ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि तिला पेट्रोलचा वास येत असला, तर गाडी चालू करू नका. ते पातळ झालेलं ऑइल इंजिनाचं वंगण उरलेलं नसतं. निडलचं काम झाल्यावर ऑइलही बदलायचं.

चोर ओळखायचा कसा?

गाडी थंड झाल्यावर सगळा भाग कपड्याने कोरडा पुसा. मग संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा, कॉक उघडा आणि दहा मिनिटं इंजिन सुरू न करता थांबा. पेट्रोल जिथून पहिल्यांदा निघतं तिथली पावडर ओली होते. थेंब ओघळत खाली कुठेही जाऊ दे, उगम तिथे सापडतो. जुनी गळती असेल तर पिवळट-तपकिरी चिकट डागही दिसतो. पेट्रोल उडून जातं, त्यातला डिंक मागे राहतो.

थेंब वाटीखालच्या बारीक नळीतून येत असेल तर पाइप निर्दोष आहे, निडल किंवा फ्लोट बघा. कॉक बंद केल्यावरही गळत असेल तर दोष कॉकमध्ये किंवा त्याच्याही वर, टाकीत. कॉक बंद केल्यावर थांबत असेल तर दोष कॉकच्या खाली. एवढी वाटणी केली तरी मेकॅनिकचा निम्मा वेळ वाचतो, आणि तुम्हाला नको असलेला नवा कार्बोरेटर गळ्यात पडत नाही.

कार्बोरेटरवाल्या जुन्या मारुती ८००सारख्या मोटारीत यात एक भर असते. टाकी मागे आणि खाली, म्हणून इंजिनाच्या बळावर चालणारा छोटा पंप लागतो. त्याच्या आत कापडी रबराचा पडदा, म्हणजे डायफ्राम, वरखाली होतो. तो फाटला की पेट्रोल पंपाच्या बाजूच्या भोकातून बाहेर येतं नाहीतर थेट ऑइलमध्ये जातं.

पाइप बदलताना

दुरुस्तीत सगळ्यात सोपं काम हेच आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

काम उघड्यावर करायचं, इंजिन थंड असताना, जवळ देव्हारा, सिगारेट किंवा पिवळा बल्ब नको. कॉक बंद करून वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करायचा आणि आतलं पेट्रोल झाकणाच्या डब्यात घ्यायचं. ते गटारात ओतायचं नाही, वाफ गटारातून कुठेही पोहोचते.

जुना पाइप ओढून काढू नका. आधी थोडा पिळून सोडवा, नाही सुटला तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरा. ओढाताणीत कॉकचं किंवा फिल्टरचं प्लॅस्टिकचं तोंड मोडलं तर पन्नास रुपयांचं काम पाचशेवर जातं. जुना तुकडा फेकू नका, तो खिशात घालून दुकानात जा. पुण्याच्या नाना पेठेतला अनुभवी दुकानदार तुकडा हातात घेऊनच आतला व्यास सांगतो.

घ्यायचा तो पेट्रोलचाच पाइप. इथे मोह अनेक असतात. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी आत पेट्रोल दिसतं म्हणून छान वाटते, पण त्यातली स्वस्त नळी काही महिन्यांत पिवळी आणि काडीसारखी कडक होते. सिलिकॉनची नळी उष्णतेला पक्की, पण पेट्रोलमध्ये फुगते. मत्स्यालयाची, सलाइनची नळी तर बोलायलाच नको. दुकानात ‘इथेनॉल चालेल असा’ पाइप मागा. अंगावर ‘एसएई जे-३०’ छापलेलं असेल तर तो इंधनासाठी बनवलेला आहे. त्यापुढे ‘आर-९’ असेल तर आतला थर फ्लोरोरबराचा असतो. ते इथेनॉलला दाद देत नाही. महाग असतो, पण हातभर तर लागतो.

बसवताना पाइप सायलेन्सर आणि इंजिनच्या सिलिंडरवरच्या पंखांपासून दूर ठेवा, मध्ये मुरड पडू देऊ नका, आणि वाटेत तो वर चढून परत खाली येणार नाही असं बघा. त्या उंचवट्यात हवा अडकते आणि पेट्रोल भरलेलं असताना गाडी बंद पडते. फिल्टरवर बाण असतो, तो कार्बोरेटरकडे. क्लिपा नव्या घ्या. जुन्या क्लिपांऐवजी तार पिळून बांधायची आपली सवय अशी की तार नव्या रबरात रुतते आणि सहा महिन्यांत तिथूनच चिरते.

साबण, पुट्टी आणि ‘तेवढं आजचं भागतंय’

टाकीला बारीक भोक पडलं की धुण्याचा साबण घासायचा, ही युक्ती वडिलांच्या पिढीपासूनची. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे घाटात अडकलात तर गॅरेजपर्यंत पोहोचायला ती खरंच कामाची आहे. दोन गोळ्या मळून लावायची एपॉक्सी पुट्टीही कोरड्या, घासलेल्या पत्र्यावर काही दिवस टिकते. पण रबरावर पुट्टी कधीच धरत नाही, कारण रबर वाकतं आणि पुट्टी वाकत नाही. गळक्या टाकीवर घरी वेल्डिंगचा विचार तर मनातही आणू नका. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक असते, तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

इंजेक्शनची गाडी असेल तर

वरचं सगळं कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे. बीएस-६ हे धुराचे नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतर, आपल्या नव्या दुचाकीही बहुतेक इंजेक्शनवर, म्हणजे कार्बोरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या पद्धतीवर, गेल्या. मोटारींत ते दोन दशकांपूर्वीच आलं होतं, त्यामुळे आता ‘जुन्या’ म्हणाव्यात अशा कितीतरी मोटारी इंजेक्शनच्या आहेत. त्यात टाकीतला विजेचा पंप पेट्रोल साधारण तीन बार दाबाने पाठवतो. मोटारीच्या टायरमध्ये दोनच्या आसपास असतो. गाडी बंद केल्यावरही तो दाब पाइपात काही काळ राहतो. तिथे पाइप सैल केला तर थेंब पडत नाही, फवारा उडतो, डोळ्यांत आणि गरम इंजिनावर. आणि मोटरसायकलचा साधा पाइप तिथे लावला तर तो फुगून सुटतो. हे काम आधी पंपाचा फ्यूज काढून दाब उतरवणाऱ्या जाणकारालाच द्या. एवढं मात्र त्याला सांगा की टाकीतला पंप काढला तर त्याच्या झाकणाची रिंग नवी आणून ठेव. जुनी रिंग बाहेर काढली की फुगते आणि परत खाचेत बसत नाही, हे झाकण उघडल्यावर कळून उपयोग नसतो.

एक बदललं की सगळंच बदलायचं का?

माझ्या गाडीचं सांगतो. पावडरने पाइपला पकडलं, पाइप बदलला, सकाळी गाडीखाली घातलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा. तिसऱ्या दिवशी कागद पुन्हा ओला, पण या वेळी वाटीखालच्या नळीतून. जुन्या पाइपच्या आतल्या भिंतीचे काळे कण ओढाताणीत सुटले होते आणि जाऊन बसले होते निडलखाली. कार्बोरेटर उघडला तर निडलच्या रबरी टोकावर गोल खाचही पडलेली. कार्बोरेटरचं किट, म्हणजे नवी निडल आणि गॅस्केट, घातलं, वाटी धुतली, पाइपच्या वाटेत नवा फिल्टर टाकला. आठवड्याने कॉकच्या दांड्याशी ओल. इतकी वर्षं बंद न केलेला कॉक मी या दुरुस्तीपायी दहा वेळा उघड-बंद केला होता, आणि आतलं कडक पॅकिंग त्यात तुटलं.

म्हणजे पाइप, निडल आणि पॅकिंग एकाच वयाचे होते, आणि मी त्यांना वेगवेगळ्या दिवशी भेटायला गेलो. एकदाच केलं असतं तर तीनदा काम काढावं लागलं नसतं. नवा कार्बोरेटर किंवा नवी टाकी लगेच घ्यायची गरज नसते, पण रबराचे भाग मात्र एकत्र बदलावेत. नंतर महिनाभर दर आठवड्याला फिल्टरमध्ये डोकावावं. तळाशी तांबूस गाळ दिसत असेल तर टाकी आतून गंजली आहे, आणि नवी निडलही फार दिवस टिकणार नाही.

माझ्या फिल्टरमध्ये तांबूस गाळ आहे. टाकी उतरवायची आहे, पाऊस थांबला की.